हात वर करून दाखव

जगाला वाचवून आलेल्या मुलीनं दुसऱ्या दिवशी बँकेत केवायसीच्या रांगेत उभं राहायचं, हे मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हातातली टाचणी माझ्याच बोटात घुसली. "हा काय चावटपणा?" मी म्हणाले. समोर कॉलेजच्या तीन मुली उभ्या होत्या. एकीच्या अंगावर गुलाबी कापड टाचलेलं, एकीच्या निळं, एकीच्या पिवळं, आणि तिघी माझ्याकडे बघून खो खो हसत होत्या. मला मात्र खरंच राग आला होता. तो अजून गेलेला नाही.

मी कपडे शिवते. गंगापूर रोडला, मोठ्या दुकानांच्या मागच्या गल्लीत, एका सोसायटीच्या पार्किंगला लागून माझा गाळा आहे. गाळा म्हणजे एक मशीन, एक ओव्हरलॉक, कापायचं टेबल आणि ट्रायलसाठी कोपऱ्यात पडदा. चार बायका एकदम आल्या तर चौथीला बाहेर उभं राहावं लागतं. वीस वर्षं मी तिथे ब्लाउज, पंजाबी ड्रेस, शाळेचे युनिफॉर्म आणि फॉल-पिको करत आले. त्या तिघी आल्या तेव्हा मला वाटलं गॅदरिंगच्या लावणीच्या साड्या असतील. तर एकीनं मोबाईल पुढे केला. चित्रातल्या मुलीचे डोळे अर्ध्या चेहऱ्याएवढे, फ्रॉकपेक्षा पाय लांब, पाठीवर हा एवढा बो.

"कार्टून आहे का गं?" मी विचारलं.

"कार्टून नाही मावशी, ॲनिमे." पैठणीला गाऊन म्हटल्यासारखं तोंड केलं तिघींनी.

मग त्यांनी मला समजावून सांगितलं. जपानमधली साधी शाळकरी मुलगी, तिला एक जादूची कांडी मिळते. कांडी वर धरून गिरकी घेतली की अंगावरचा ड्रेस बदलतो, अंगात शक्ती येते आणि ती अंधारातून येणाऱ्या राक्षसांशी लढते. अशा तीन मैत्रिणी. मला तर गिरकीपासूनच पटेना. इतकी झालर, आत नेट, मागे बो, आणि ट्रायल नाही? मला असा एक ड्रेस शिवायला आठवडा लागतो. पण लढाई मला पटली. मुली लढतात, एकमेकींना सोडत नाहीत, शेवटी जिंकतात. चांगलं आहे की.

"मग शेवट काय होतो?" मी खडूनं खूण करत विचारलं.

"शेवटी कांडीतला उजेड जातो," गुलाबी म्हणाली. "शक्ती संपते. तिघी आपापल्या घरी जातात."

"आणि?"

"आणि काही नाही. संपलं. तिथंच संपतं ना मावशी, म्हणून तर आम्ही पुढचं करणार आहोत."

त्यांची स्पर्धा होती. अशा पात्रांचे कपडे घालून स्टेजवर जायचं आणि दोन मिनिटं काहीतरी करून दाखवायचं. बाकीचे सगळे लढाई दाखवणार. ह्या तिघी दाखवणार होत्या लढाईनंतरचा सोमवार. निळी खांद्याला पट्टी बांधून सिटी बसमध्ये उभी, कुणी जागा देत नाही. पिवळीला घरी विचारतात एवढा वेळ कुठं होतीस, आणि ती त्याच कांडीनं पोळ्या लाटते. गुलाबी बँकेच्या रांगेत. तिचा नंबर लागल्यावर क्लार्क विचारतो, व्यवसाय काय? ती म्हणते, जग वाचवते. क्लार्क म्हणतो, म्हणजे गृहिणी लिहू का?

इथेच ती टाचणी माझ्या बोटात गेली.

मी म्हणाले, "अगं पण हे काय! एवढं लढल्या त्या, आणि नोकरी नाही, पेन्शन नाही, साधं शाल-श्रीफळ नाही? कुणी लिहिली ही गोष्ट? त्या माणसाला जरा माझ्याकडे पाठवा." गुलाबी म्हणाली, "मावशी, त्यांची लढाई कुणाला दिसतच नाही ना. लोकांना वाटतं मोठं वादळ आलं आणि गेलं." "वादळ आलं आणि गेलं म्हणे," मी म्हणाले आणि बोट तोंडात घातलं. त्या दिवशी घरी जाऊन मी भाजीत मीठ दोनदा टाकलं. इतकं डोकं सटकलं होतं माझं, कुठल्यातरी जपानी मुलीसाठी, जी मुळात नाहीच.

माझा राग का होता हे सांगायचं तर देवळाली कॅम्पला जावं लागेल. मी शिवण शिकले ती तिथे, बाजारातल्या एका मास्तरांकडे. मास्तर जवानांच्या वर्द्या शिवायचे. फायरिंग रेंजवर तोफा सुरू झाल्या की दुकानाच्या काचा थरथरायच्या आणि डबीतल्या टाचण्या उडायच्या, मास्तर मान वर करायचे नाहीत. त्यांचा एक नियम होता. वर्दी तयार झाली की जवानाला आरशासमोर उभं करायचं आणि सांगायचं, "हाथ ऊपर करके दिखाओ." दोन्ही हात डोक्यावर. मग वाकून. मग बंदूक खांद्याला लावल्यासारखं करून. काखेत कापड ओढलं गेलं तर ते वर्दी परत घ्यायचे, उसवायचे आणि काखेत एक चौकोनी तुकडा लावून द्यायचे. "हात वर होत नाही तो कपडा कसला," म्हणायचे.

दुसराही नियम होता. रिटायर झालेले जवान कधीमधी जुनी वर्दी घेऊन यायचे, कंबरेत सैल करून घ्यायला. सव्वीस जानेवारीला घालायची असायची. कापायला कुणी आणत नसे. एकदाच एकाची बायको आली, म्हणाली ह्याची बाजाराची पिशवी करून द्या, कापड मजबूत आहे. मास्तरांनी घडी घालून वर्दी परत दिली. "ज्याची आहे त्याला पाठवा. तो म्हणाला कापा, तर कापीन." बाई रागावून गेली. तो माणूस काही आला नाही. ती वर्दी अजूनही कुठल्यातरी कपाटात डांबराच्या गोळ्यांसोबत असेल.

हे मी शिकले होते. माझ्या डोळ्यांनी बघितलं होतं. हे लक्षात ठेवा.

पण गंमत बघा, त्याच मास्तरांच्या दुकानात साहेबांच्या बायकांचे ब्लाउज यायचे, त्यांना कुणी हात वर करायला सांगत नव्हतं. बायकांचं माप हात खाली ठेवून, ट्रायल हात खाली ठेवून. सुरकुती नाही ना, झालं, फिटिंग मस्त. मग घरी जाऊन तिनं फळीवरचा डबा काढताना ब्लाउज टर्रकन फाटला तर दोष तिच्या अंगाचा. मी स्वतःचं दुकान टाकलं तेव्हा मीही तसंच करत राहिले. वर्षानुवर्षं. कुणी तक्रार केली नाही, मी विचारलं नाही.

पहिली तक्रार गुलाबीनं केली. पहिल्याच ट्रायलला तिनं कांडी वर केली, पडद्याच्या रॉडला थर्माकोलची चांदणी चिकटवून केलेली कांडी, आणि उजव्या काखेत शिलाई सुटली. ती घाबरली, सॉरी सॉरी म्हणायला लागली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मास्तर असते तर कान धरला असता माझा. मी ड्रेस काढून घेतला, दोन्ही काखांत चौकोनी तुकडे लावले आणि म्हणाले, "आता हात वर करून दाखव." तिनं केला. ट्यूबलाईटला कांडी लागली, चांदणीचा एक कोपरा तुटला, पण टाका हलला नाही. मग तिघींना नादच लागला. येता-जाता दारातून हात वर करून दाखवायच्या. शेजारच्या मेडिकलवाल्याला वाटायचं, ह्या त्यालाच हाक मारतात.

ड्रेस घेऊन जायच्या दिवशी गुलाबी मागे रेंगाळली. म्हणाली, "मावशी, हा मी आयुष्यभर ठेवणार आहे. म्हातारी झाले तरी. जाड झाले तर सैल करून द्याल ना?" मी तिला ड्रेस उलटा करून दाखवला. शिलाईच्या आत मी दोन्ही बाजूंना दोन-दोन इंच माया, म्हणजे जास्तीचं कापड, सोडली होती, कितीही वाढली तरी पुरेल एवढी. "दोन बाळंतपणं झाली तरी बसेल," मी म्हणाले. ती लाजली. "नक्की ना?" "अगं नक्की. शब्द आहे माझा."

स्पर्धा बघायला मी दुकान बंद करून गेले. इतक्या वर्षांत लग्नसराईत दुकान बंद केलेलं ते पहिल्यांदा. हॉलमध्ये सगळी तरुण पोरं, कुणाचे केस निळे, कुणाच्या पाठीला पंख. 'म्हणजे गृहिणी लिहू का' ह्याला हॉल हसला. मी हसले नाही. माझ्या ओळीत कुणाची तरी आई बसली होती, तीही हसली नाही. मग शेवटी ते झालं जे मला त्यांनी आधी सांगितलंच नव्हतं. गुलाबी केवायसीचा फॉर्म हातात घेऊन पुढे आली, दुसऱ्या हातानं कांडी वर केली. काही झालं नाही. उजेड नाही, गाणं नाही. हॉलला वाटलं काहीतरी बिघडलंय. पण तिनं हात खाली केला नाही. तशीच उभी. हॉल हळूहळू गप्प झाला. मी हाताखालचा तो चौकोनी तुकडा बघत होते, जरासुद्धा ओढला जात नव्हता, आणि माझ्या डोळ्यांतून पाणी येत होतं. त्यांना दुसरं बक्षीस मिळालं. पहिलं एका राक्षसाला मिळालं, ज्याच्या डोक्यावर खरे दिवे लागत होते. त्याच्यावरही मी चिडले.

ह्याला दीड वर्ष झालं. कॉलेज संपलं. निळी पुण्याला नोकरीला गेली, पिवळी बीएड करायला लागली. आणि एका दुपारी गुलाबी आईबरोबर माझ्या दारात उभी राहिली.

आई पिंपळगाव बसवंतची. द्राक्षबाग घरची. बाई वाईट नाही हो, मुळीच नाही. पहाटेपासून बागेत राबणारी, हाताला भेगा पडलेल्या, माझ्यासाठी पिशवीभर द्राक्षं आणलेली. "ताई, लगीन ठरलं बरं का हिचं," ती म्हणाली. "पोरगा चांगलाय, आपल्यातलाच. हा शालूवरचा ब्लाउज पीस. असा शिवा की एक सुरकुती दिसली नाय पायजे." मी तोंड भरून अभिनंदन केलं. गुलाबी नुसती हसली. मग आईनं दुसरी पिशवी उघडली आणि त्यातून तो ड्रेस काढला.

इस्त्री केलेला होता. बो नीट घडी घालून आत ठेवलेला.

"हे कापड लय भारी हाय," आई म्हणाली. "आता कुठं घालणार ही असलं? सासरी न्यायचं का हे? माझ्या भावाची धाकली हाय ना, सहा वरसांची, तिला दोन फ्रॉक व्हत्यात बघा. आत्ताच टाका कापून, म्हंजे घरी परत रडारड नको."

परत रडारड. ते 'परत' मी ऐकलं. मला बरोबर ऐकू आलं.

मी गुलाबीकडे बघितलं. ती माझ्याकडे बघत होती. बावीस वर्षांची, पदवी घेतलेली मुलगी, जिनं भरल्या हॉलसमोर हात वर धरला होता. मग मी तिच्यावरून नजर काढली, तिच्या आईकडे बघितलं आणि आईला विचारलं, "कापू?"

आमच्या धंद्यात हे असंच चालतं. मुलगी समोर उभी असते, माप तिचं, अंग तिचं, आणि आपण तिच्या डोक्यावरून विचारतो, बाही किती ठेवू? गळा किती? आई उत्तर देते. लग्न झालं की सासू उत्तर देते. मी हजार वेळा असं विचारलं असेन. त्या दिवशीही तोंडातून सवयीनं गेलं, आणि गेलं तेव्हा आतून कुणीतरी मला चिमटा काढला, तरी मी गेले पुढे.

"कापा की," आई म्हणाली. मग लेकीला म्हणाली, "धर गं ते टोक, म्हंजे सरळ कापता येईल त्यांना."

तिनं टोक धरलं. ताणून धरलं, नीट, मला कापायला सोपं जाईल असं. आधी मी बो काढला, मग शिलाया उसवल्या. ती दोन इंच माया मोकळी झाली, तीही उपयोगाला आली, फ्रॉकचा घेर वाढला. साटीन कापताना कात्रीचा आवाज फार येत नाही. सहा वर्षांच्या मुलीचे दोन फ्रॉक बेतून झाले तेव्हा आई खूश झाली. "बघा, कसं बसलं. कातरण राहू द्या तुमच्याकडंच," म्हणाली.

त्या गेल्या आणि माझ्या तळपायाची आग मस्तकाला गेली. चार दिवस मी भांडत होते. मनातल्या मनात तिच्या आईशी भांडले. असलं म्हणजे कसलं हो? जवानाची वर्दी पन्नास वर्षं कपाटात राहते, आणि हिची दीड वर्षात फ्रॉकला? त्या चांगल्या पोराशी भांडले, ज्याला मी पाहिलंही नव्हतं आणि ज्याला बिचाऱ्याला ड्रेसबद्दल काही माहीतही नसेल. जपानमधल्या त्या लेखकाशी परत भांडले. कांडीतला उजेड घालवलास तो घालवलास, ड्रेस कुठं ठेवायचा हे तरी सांगायचं होतंस! घरी मुलाला म्हणाले, मुलीचं काही म्हणून काही राहू देत नाहीत हे लोक. तो म्हणाला, "कोण लोक?" मी त्याला ताट वाढून दिलं.

मग मला एक युक्ती सुचली. काय हुशार बाई मी! लग्नाच्या ब्लाउजला काखेत चौकोनी तुकडे लावायचे, ते त्याच गुलाबी साटीनचे. बाहेरून दिसणार नाहीत, हात वर केला तरच दिसतील. सासरी शालू नेसून जाईल आणि काखेत तिचा ड्रेस असेल, कुणाला कळणारही नाही. मी कातरणीच्या पोत्यातून दोन चांगले तुकडे शोधले. इतक्या बारीक टाक्यांनी लावले की मास्तरांनी पाठ थोपटली असती. लावताना मीच मनात सगळं बघून घेतलं. ती हात वर करेल, तुकडा दिसेल, ती रडेल, माझ्या गळ्यात पडेल. मीही थोडी रडले, कामाच्या आधीच.

ट्रायलला ती एकटी आली. आई सराफाकडे थांबली होती. ब्लाउज घालून ती पडद्याबाहेर आली आणि हात खाली ठेवून आरशासमोर उभी राहिली.

"हात वर करून दाखव," मी म्हणाले.

तिनं दोन्ही हात वर केले. एक टाका ओढला गेला नाही. मग तिला आरशात गुलाबी दिसलं. ती थांबली, मान वळवून नीट बघितलं आणि हात खाली घेतले.

"हे काय आहे?"

"तुझाच ड्रेस गं. म्हटलं, लग्नात तुझ्याजवळ असू दे."

"काढा हे."

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. "अगं, बाहेरून दिसत नाही. कुणाला..."

"मावशी, काढा. हात वर झाला पाहिजे मला. पण दुसऱ्या कापडानं करा."

मला राग आला, खोटं कशाला बोलू. एवढं मन लावून केलेलं, आणि ही पोरगी असं तोडून बोलते! मी म्हणाले, "माझ्यावर कशाला चिडतेस? कापायला तुझ्या आईनं सांगितलं."

"आईचा नाही राग आला मला," ती म्हणाली. आवाज चढवला नाही, साध्या आवाजात म्हणाली. "आईनं मला स्टेजवर बघितलंच नव्हतं. तिच्यासाठी ते कापड होतं. तुम्ही बघितलं होतंत."

"मग तेव्हा बोलायचं होतंस ना! तोंडात मूग धरून का उभी होतीस?"

"तुम्ही मला विचारलंच नाहीत. मी तुमच्याकडे बघत होते. तुम्ही कात्री उचलेपर्यंत मला वाटत होतं, मावशी नाही म्हणतील."

ज्याची आहे त्याला पाठवा, एवढं एक वाक्य होतं. पंचवीस वर्षं माझ्याजवळ होतं, आणि नेमकं लागलं तेव्हा मी ते वापरलं नाही. शब्दही मीच दिला होता, माया सोडून, उलटा करून दाखवून. चार दिवस मी सगळ्या जगाशी भांडले आणि कात्री कुणाच्या हातात होती ते सोडून बाकी सगळं आठवलं मला.

मी ब्लाउज घेतला आणि तिच्यासमोर बसून ते बारीक टाके उसवले. ब्लाउज पीसचं कापड थोडं उरलं होतं, त्याचे तुकडे लावले. तिनं पुन्हा हात वर केले. झालं. मग ती म्हणाली, "कातरण कुठंय?" मी पोतं ओढून काढलं आणि टेबलावर रिकामं केलं. आम्ही दोघींनी मिळून गुलाबी तेवढं वेचलं. काही तुकडे रुपयाएवढे, काही नुसती पट्टी, एक बोची गाठ. तिनं एकही सोडला नाही. टेबलाखाली गेलेला एक वाकून काढला. मी एक चांगली पिशवी दिली, तिनं घेतली. "काय करणार ह्याचं?" मी विचारलं. "माहीत नाही," ती म्हणाली. "पण माझे आहेत." आणि गेली.

तेव्हापासून मी जिचं माप असतं तिलाच विचारते. आया बघत राहतात, एकदोघींनी टेलर बदलला. बदलू दे.

लग्नाला मी गेले. बोलावणं आईकडून आलं होतं, हायवेवरच्या लॉन्सवर. मुद्दाम मागच्या रांगेत बसले. पुढे सहा वर्षांची एक पोर गुलाबी साटीनचा फ्रॉक घालून खुर्च्यांवर उड्या मारत होती. मंगलाष्टकं झाली, अक्षता पडल्या, हार घालायची वेळ आली, आणि व्हायचं तेच झालं. मित्रांनी नवरदेवाला खांद्यावर उचललं. हल्ली सगळीकडे हेच. नवरी खाली, हार तिच्या हातात, ती उड्या मारणार, ब्लाउज वर जाणार, बाही फाटणार, सगळे हसणार, कॅमेरावाला म्हणणार अजून एकदा. मग तिचे भाऊ तिला उचलणार. मला तर अशा वेळी स्टेजवर चढून त्या मित्रांच्या कानाखाली वाजवावीशी वाटते.

तिनं उडी मारली नाही. भाऊ पुढे आले, तिनं मानेनंच नको म्हटलं. दोन्ही हात सरळ डोक्यावर केले, हार दोन्ही हातांत, आणि तशीच उभी राहिली. आधी लोक हसले. कुणीतरी ओरडलं, "अगं उडी मार!" ती हलली नाही. तिच्या आईला कळेना काय चाललंय, ती इकडेतिकडे बघायला लागली. हसणं हळूहळू थांबलं. मला ते दिसत होतं, हात, काख, शालूच्याच रंगाचा तो तुकडा, एकही टाका ओढलेला नाही. खूप वेळ गेला असं वाटलं. शेवटी मित्रांचेच हात दुखले, त्यांनी नवरदेवाला खाली ठेवलं आणि तिनं त्याच्या गळ्यात हार घातला.

टाळ्या पडल्या. मी हात मांडीवर ठेवून बसले होते. ती मागच्या रांगेकडे बघेल असं मला वाटत होतं. तिनं बघितलं नाही.